भाव पडायची वाट

"पडला का भाव, ताई?"

मुखेडच्या शेषेरावांनी रामराम घालायच्या आधीच हे विचारलं. नांदेडला दवाखान्यांच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मी अठरा वर्षं उभी आहे. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत काय म्हणणार ते मला कळतं. पण हा प्रश्न अनपेक्षित होता.

"नाही पडला. आणि होतात कुठं तुम्ही? चांगुणाबाईंच्या गोळ्या पोळ्यालाच संपल्या असतील. दसरा आला आता! मला वाटलं, लातूरला घेताय."

चांगुणाबाई म्हणजे त्यांची बायको. रक्ताचा कर्करोग. रोज एक गोळी, एक दिवसही खंड पडला नाही, तर बाई चांगली खुरपायलासुद्धा जायची. चार वर्षं हा माणूस न चुकता डबी नेत होता.

"कुठंच घेतल्या न्हाईत. थांबलोय. टीव्हीवर रोज भांडून राहिलेत की! एक म्हणतो, सरकारनं कंपनीला समोर बसवून भाव पाडायलाच पाह्यजे. दुसरा म्हणतो, पाडला तर कंपनी नवं औषध काढायची न्हाई. पण पुढल्या महिन्यात पाडणार म्हणतेत. मंग आत्ता महाग घेणारा येडा का?"

"अहो, पण गोळी ती!"

"सोयाबीन घरात दाबून ठेवलं तव्हा भाव चढला. ह्याचं उलटं. थांबलं की पडतंय." मग अगदी सहज म्हणाले, "तुम्हीच म्हणला होता, थांबा म्हणून."

मी म्हणाले होते. देवा! मागची डबी देताना, सुटे परत करता करता म्हणाले होते, 'थांबा दादा थोडं, होईल स्वस्त आता.' धीर द्यायला म्हणतो ना आपण, तसं. या भल्या माणसानं गोळीच थांबवली.

"बाई कुठंय?"

"भाईर बसलीय. कसंतरी व्हायलंय म्हणली, म्हणून डाक्टरकडं आणलं. म्हणलं, आधी भाव इचारावा."

मी काउंटर सोडून धावले. चांगुणाबाई पायरीवर बसल्या होत्या. ओठ पांढरेफटक, दंडावर काळेनिळे डाग.

"कुठं आपटलात?"

"कुठंच न्हाई बाई. आपसूक उठून राहिलेत." त्यांनी पदर ओढून दंड झाकला. "ह्यांना बोलू नका. रोज टीव्हीम्होरं बसतेत माझ्यापायी."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते माझ्यावरच ओरडले. गोळी आजच सुरू करा, बाईला आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला पाठवा. मला रडू येत होतं आणि संतापही. जास्त माझाच.

डबी आणून शेषेरावांपुढं आदळली. "घ्या."

त्यांनी हात लावला नाही. "भाव पडायला पंधराच दिवस राहिले, ताई."

"तिचे किती राहिले ते मोजलंत का?"

चूक झाली. असं बोलायला नको होतं. शेषेरावांचा चेहरा पडला. डबीकडं बघत पुटपुटले, "आता जुन्याच भावानं घेतली, तर मंग एवढे दिवस मी तिला... कशापायी..."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस चिक्कू नाही, घाबरलाय.

"पडलाय भाव," मी म्हणाले. "आजच पडला. तुमची गंमत केली, दादा. निम्मे द्या."

मालक दयानंदशेठनी चष्म्यावरून पाहिलं. बाकीचे माझ्या पगारातून कापा, असं मी त्यांना खुणेनं सांगितलं. ते पुन्हा वहीत वाकले.

शेषेरावांचा चेहरा असा उजळला की माझ्याच्यानं बघवेना. पाण्याची बाटली आणि डबी घेऊन ते पायरीवर गेले. "बघ, म्हणलं नव्हतं? पडला! किती लिहिलाय वाच गं, माझा चष्मा घरी ऱ्हायला."

पट्टीवर किंमत छापलेली असते, हे मी विसरलेच होते. चांगुणाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी डबीतून गोळ्यांची पट्टी काढून उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली. तो आकडा त्या चार वर्षं वाचत आल्या होत्या.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"किती गं?"

"लई पडलाय," त्या म्हणाल्या आणि आकड्यावर अंगठा ठेवून गोळी काढली.