ओलं पोतं

तिवशाजवळच्या मळ्यात पार्बताबाईनं चाळीस वर्षं गुलाब तोडला आणि सकाळच्या गाडीनं अमरावतीच्या बाजारात धाडला. फुलं तोडायची, पाण्याचा हबका मारायचा, वर ओलं पोतं टाकायचं. फूल ताजं दिसतं, वजनही जरा भरतं. तिच्या फुलांना कुणी नाव ठेवलेलं नव्हतं, आणि ठेवलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

मग तिच्या सुनेनं, वर्षालीनं, गावातल्या पाच बायका जमवून गुलाबतेलाची भट्टी आणली. भट्टी म्हटल्यावर गावाला आधी मोहाची दारूच आठवली. दोघं-तिघं पहिल्या दिवशी आशेनं चक्कर मारून गेले. पण पहिल्या खेपेचं तेल आंबूस निघालं. अकोल्याच्या अत्तरवाल्यानं कुपी नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"भट्टीवर कोण होतं?" त्यानं विचारलं.

पार्बताबाईनं सुनेकडे बोट दाखवलं. "इनं जाळ जास्त घातला."

बायकाही मग तेच म्हणू लागल्या. आज तो पुन्हा येणार होता. आजही तेल बिघडलं तर भट्टी दुसऱ्या गावाला देऊन टाकायची, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. वर्षाली दोन दिवस धड जेवलीही नव्हती.

पहाटे तोडणी झाली. "आत्याबाई, फुलाले पाणी नका मारू," वर्षालीनं बजावलं. पार्बताबाईनं मान डोलावली. फुलं कशी राखायची हे आता हिच्याकडून शिकायचं! सून चुलीकडे वळताच तिनं हबका मारला आणि ढिगावर ओलं पोतं टाकलं.

तासाभरानं पोतं उचलून तिनं ढिगात हात घातला. आत ऊब धरली होती. मूठभर पाकळ्या तिनं नाकाशी नेल्या. त्या दिवशीच्या कुपीचाच आंबूस वास.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. चूल पेटतच होती, बोट दाखवायला सूनही होतीच.

"वर्षाली, थांब," ती ओरडली. "हे फुलं भट्टीत नको टाकू."

"काहून?"

पाची बायका बघत होत्या. "मागचं तेल तुह्या जाळानं नाई नासलं. माह्या ह्या पोत्यानं नासलं. आजबी मीच टाकलं व."

पार्बताबाईनं पाटी उचलली आणि विहिरीकडे गेली. तिथल्या गुलाबाच्या दोन ओळी महादेवासाठी राखलेल्या. त्यातलं एकही फूल तिनं कधी विकलं नव्हतं. "आज माफी कर रे देवा," म्हणत तिनं ऊन चढायच्या आत सगळी फुलं तोडली आणि कोरडीच आणून सुनेसमोर ठेवली.

दुपारी कुपीचा तळ ओला होण्यापुरतं तेल निघालं. अत्तरवाल्यानं वास घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला.

"हां, याला म्हणतात गुलाब! असं तेल असेल तर सगळं मीच नेईन. फुलं कोणी तोडली?"

वर्षालीनं सासूकडे बोट दाखवलं. "आमच्या आत्याबाईनं."

पार्बताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सुनेची माया अशी दाटून आली की तिथं उभं राहवेना. तिनं ओलं पोतं उचललं आणि गोठ्यात नेऊन म्हशीखाली अंथरलं.