वैजापूरचा ठिपका

विद्यापीठाचं ऑफिस पाचला बंद होणार होतं. आजची मुदत हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. आणि गुलमंडीजवळच्या बाइंडिंगच्या दुकानात करुणाचा प्रबंध अजून सुटाच पडलेला.

विषय नारंगी डोक्याच्या कस्तुराचा. त्याचे प्रकार किती, कोणता कुठं सापडतो. आपल्याकडं कायम राहणाऱ्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन काळे पट्टे असतात. हिमालयातल्याचं अख्खं डोकं नारंगी, गाल कोरा. हा कोऱ्या गालाचा हिवाळ्यात वैजापूरपर्यंत उतरतो, असं सांगणारा एक लाल ठिपका तिच्या नकाशात होता. शेवटचं प्रकरण त्या एका ठिपक्यावर उभं होतं.

ठिपका साहेबराव गुरुजींचा. शाळेत असताना तिला पाखरांचा नाद लावला तो त्यांनीच. वैजापूरला आपल्या मोसंबीच्या बागेत जानेवारीत काढलेला फोटो, म्हणून त्यांनी तिला एक प्रिंट दिली होती. परीक्षकांसाठी मूळ फोटो हवा होता, म्हणून आज ते पेन ड्राइव्ह घेऊन एसटीनं आले होते.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनं फोटो उघडला. प्रिंटमध्ये कडा कापलेल्या होत्या, हा अख्खा निघाला. खालच्या कोपऱ्यात, पाल्यात, अजून एक पाखरू होतं. मळकट तपकिरी, पाठीवर फिकट रेघा, चोचीच्या कडा पिवळ्या.



"गुरुजी, हे पिल्लू आहे."

"असंल की."

"हा कस्तुर घरटं हिमालयाकडं करतो, उन्हाळ्यात. जानेवारीत वैजापुरात पिल्लू कुठून येईल?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. पुसतच राहिले.

"मॅडम, गोंद लगाऊं क्या? टाइम जा रहा," बाइंडर म्हणाला.

"रुको भाई." ती म्हणाली. "गुरुजी, फोटो कुठला?"

"देहरादूनचा. पोराकडं गेलो व्हतो, जूनमधी." ते घाईघाईनं बोलू लागले. "पन बागेत बी दिसला व्हता गं! मोसंबीच्या बुडाशी पाला उचकत व्हता. गाल कोरा. कॅमेरा आनूस्तोवर उडाला. तुला पुरावा पायजे व्हता, म्हनून हा दिला."

 मग करुणानं विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?"

"मार्चमधी."

 बागेतलं पाखरू दिसलं ते जानेवारीत, ऑपरेशनच्या आधी. गालावरचे दोन पट्टे तेव्हा त्यांना दिसले असते का, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही ठाऊक नसावं.

"तेवढा कोपरा काप," गुरुजी हळूच म्हणाले. "कुनाला कळनार नाय. लई वर्सं घालवलीस तू."

पावणेचार झाले होते. तिनं माउसवर हात ठेवला, खरंच ठेवला. कोपरा कापायला दोन क्लिक पुरले असते. मग तिनं हात काढून फोन उचलला आणि मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. पलीकडचा आरडाओरडा गुरुजींनाही ऐकू जात होता.

"सहा महिने गेले तुझे!"

"हो सर. ठिपका काढावा लागेल. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहीन."

फोन ठेवून तिनं पानं गोळा करायला घेतली.  गुरुजींवर तिला संताप येत होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

"एक कोरा कागद दे," ते म्हणाले.

दुकानाच्या काउंटरवर वाकून, फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, की सदर फोटो वैजापूरचा नाही आणि चूक माझी आहे. खाली सही केली, आणि कागद तिच्यापुढं सरकवत विचारलं, "तारीख कोन्ती हाय आज?"