वापर कुठेच नाही

औषधाच्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे. कोड शोधायचं साधन कुठलं घ्यायचं, हे आज दुपारी तिला साहेबांना पक्कं सांगायचं होतं. लाखो ओळींचा तो पसारा. त्यात कुठलं फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, कुठे वापरलंय हे हाताने शोधायचं म्हणजे जन्म जायचा. तिने दोन साधनं तपासायला घेतली होती. एक इतकं चपळ की टीमने त्याचं नाव भिंगरी ठेवलं. दुसरं कोडची सूची बनवायला बसलं की आपण खुशाल जेवून यावं, म्हणून ते आजोबा. भिंगरीच घ्या, असं ती साहेबांना आधी बोलूनही बसली होती.

"ताई, यात कसला आलाय विचार?" शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, ज्याला सगळे वादळ म्हणायचे. नावाप्रमाणेच त्याला दम म्हणून नव्हता. "ते जुनं दाब मोजायचं फंक्शन कोणी वापरत नाही, असं भिंगरीने विचारल्या विचारल्या सांगितलं. संध्याकाळी उडवतो. ब्याद गेली एकदाची!"

कोणी वापरत नाही. कोणीच? घरी बाबांच्या उशाशी याच कंपनीचा पंप होता, जुन्या मॉडेलचा. नळी दुमडली, औषध अडलं, की तो कोकलायचा. ते कोकलणं ताईनेच लिहिलेलं, नोकरीला लागली तेव्हा. कशाच्या जोरावर कोकलायचा ते मात्र आता काही केल्या आठवेना. आणि इथे बदललेलं सॉफ्टवेअर त्या पंपावर आपोआप उतरायचं.

मीटिंग तोंडावर आली. तिने भिंगरीला मुद्दाम स्वतःच्या हातचंच काहीतरी विचारलं: जुन्या पंपाची धोक्याची घंटा कुठे आहे? पापणी लवायच्या आत उत्तर आलं. सापडली नाही.

"अगं बाई! मी लिहिलीय की मेली!"

तिने सेटिंग उघडली. 'मोठ्या फायली वगळा' या चौकटीत खूण होती. ती कोणी केली? दुसरं कोण करणार, तिनेच. भिंगरी अजून जोरात पळावी म्हणून. आणि जुन्या पंपाचा अख्खा कोड तर पूर्वीच्या लोकांनी एकाच अजस्र फायलीत कोंबलेला. तिने खूण काढली. ती फाईल गिळताना भिंगरीने मान टाकली, बंदच पडली. मग तिने आजोबांना विचारलं; त्यांची सूची केव्हाच तयार होती. त्यांनी सावकाश सांगितलं: दाब मोजायचं ते जुनं फंक्शनच नळी अडल्यावर घंटा वाजवतं.

मीटिंगमध्ये तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "साहेब, मी भिंगरी घ्या म्हणाले होते. चुकलं माझं. आजोबा घेऊ. आणि त्या फंक्शनला कोणी हात लावायचा नाही."

"मग इतके दिवस काय झोपा काढत होतात?"

"झोपा नाही, साहेब. घाई करत होते."

वादळाने मान खाली घातली. साहेब पेन आपटून "बरं, आजोबा," म्हणाले.

संध्याकाळी ती घरात शिरते तोच बाबांच्या खोलीतून पंप कोकलला. ती चपलांसकट धावली. कूस बदलताना बाबांच्या दंडाखाली नळी दुमडली होती. तिने ती सरळ केली.

"ही बया जीव खाते नुसती," बाबा वैतागले. "तुम्हा लोकांना हिचं तोंड बंद करता येत नाही का गं?"

"आज करणारच होतो, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून तिथेच रडायला लागली.