दारातला फणसांबा

पाटणच्या वरल्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या वस्तीत पोराचं तोंड आलं, हिरड्या सुजल्या, की बायका धोंडुबाईचं दार गाठायच्या. ती सहाणेवर फणसांबा उगाळायची आणि बोटानं हिरडीला लावायची. फणसांबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडाला बैलाच्या खुरासारखं चिकटून वाढणारं टणक अळंबं. रानात तशीच दिसणारी आणखी अळंबी असतात. पण ओळखण्यात धोंडुबाईचा हात कधी चुकला नव्हता.

त्या साली दिवाळी सरली आणि तिच्या दारातल्या फणसावरच अळंबी सगळ्यांना दिसली. एक वर, वाळल्या फांदीवर. दुसरं खाली, मागं कधीतरी तोडलेल्या फांदीच्या खुंटाशेजारी. वरून दोन्ही एकसारखीच, काळपट आणि भेगाळलेली.

फणस सासऱ्याच्या हातचा. तिचा मुलगा कृष्णात पलटणीतून रजेवर आला की त्याच बुंध्याला पाठ लावून बसायचा. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. घरी आली ती फक्त त्याची पेटी. झाड घराकडं कललेलं होतं, आणि त्याच्याखालच्या खोलीत कृष्णातची बायको शालूबाई लेकीला घेऊन निजायची.

शेजारच्या घरातला धोंडुबाईचा दीर नाथाजीही पलटणीतून निवृत्त झालेला. त्यानंच विषय काढला.

"वयनी, झाड आतनं कुजलं की आसलं भाईर येतंय म्हणत्यात. तुमी बगा की."

त्यानं शिडी लावून वरचं अळंबं काढून आणलं. धोंडुबाईनं ते तळहातावर घेतलं. वजनाला हलकं, अंगठ्यानं दाबताच तुटलं. आत पांढरं होतं.

"ह्ये वाळल्या लाकडावरचं," ती म्हणाली. "मेलंय तेवढंच खातंय. झाडाला काय करत न्हाई."

नाथाजीचा जीव भांड्यात पडला. "मग खालचंबी त्येच आसंल. खुटावरच हाय न्हवं?"

'व्हय' तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली असती तर कुणी पुन्हा पाहायला गेलं नसतं. श्रावणात अंगण झाडतानाच ते खालचं तिच्या नजरेला पडलं होतं, पण तिनं त्याला हात लावला नव्हता. आत शालूबाई पोरीला थोपटत होती, ते तिला ऐकू येत होतं.

"कोयता द्या भावजी."

ती बुंध्याशी टेकली. पहिला घाव नुसताच उसळून आला. मग कोयत्याचं टोक खाली घालून तिनं ते उचकटलं, तसं ते धोंड्यासारखं जड हातात आलं. खालची बाजू तपकिरी, छिद्रं इतकी बारीक की बोटाला मखमल लागावी. फोडलं तर आत गंजाचा रंग आणि एकावर एक थर. आणि ते खुंटाला नव्हतंच, शेजारच्या जित्या सालीतून फुटलं होतं.

"ह्यो फणसांबा," ती म्हणाली. "गाभा खाल्ल्याबिगर ह्यो भाईर येत न्हाई."

नाथाजीनं बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आवं वयनी, पायजे तर फुडल्या सालापतूर थांबू."

"थांबून कुणावर पाडायचं त्येला?"

शालूबाईनं ऐकलं तेव्हा ती दाराला धरून उभी राहिली. "आत्याबाई, त्येंची बसायची जागा हाय ती."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "पर त्येची पोर खाली निजती."

आठवडाभरानं अर्जुना आपली माणसं घेऊन लाकूड तोडायला आला. दोर बांधून त्यांनी झाड मोकळ्या अंगाला पाडलं. करवत निम्म्यात गेली आणि लाकडाचा आवाजच बदलला. पडल्यावर पाहिलं तर बुंधा पोकळ, आत काळा भुगा. नात आत उभी राहिली असती, एवढी जागा.

"फुडला वळीव ह्येनं सोसला नसता," अर्जुना म्हणाला.

धोंडुबाई वाकून त्या पोकळीत पाहत राहिली. झाड पडेपर्यंत मनातल्या मनात ती एकच मागणं मागत होती, गाभा शाबूत निघू दे, माझी ओळख चुकू दे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"वरचं लाकूड चांगलं हाय," नाथाजी हळूच म्हणाला. "काय करायचं त्येचं?"

"शालीच्या खोलीला दार करा."

अंगणात त्या दुपारी ऊन थेट उंबऱ्यापर्यंत आलं. धोंडुबाई पदर डोक्यावर ओढून ओंडक्यावर बसून राहिली. शालूबाईनं हाक मारली तेव्हा उठली आणि चुलीकडं गेली.