एका उत्तराचे दोन बाण

नव्याने आलेला माणूस आपल्यापेक्षा बरा निघाला, की त्याचे दोष आपल्याला फार लवकर दिसू लागतात. वाचकहो, हा अनुभव कोणाला नाही? अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत १९६६ साली प्रमोदिनीबाईंना तो आला. अठरा वर्षे त्या नववीला बीजगणित शिकवीत होत्या. त्या वर्षी अभ्यासक्रमात ‘संबंध आणि फलन’ हे नवे प्रकरण आले, आणि त्याच जूनमध्ये ‘ब’ तुकडीवर पंचफुलाबाई रुजू झाल्या. भातकुलीकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्याच बी.एस्सी.

प्रमोदिनीबाई ‘अ’ तुकडीकडून व्याख्या घोकून घेत. पंचफुलाबाई फळ्यावर दोन गोल काढत. डावीकडे मुलींची नावे, उजवीकडे त्यांची जन्मगावे, आणि मधे बाण.

“एकीचा एकच बाण, हे झालं फलन. चार जणी चांदूर बाजारच्या असल्या तरी चालते. पण एकीचेच दोन बाण दोन गावांवर गेले तर? दोन गावांत कोणी जन्मते काय? मंग ते फलन नाही. आता मैत्रिणी घ्या. एकीच्या तीन मैत्रिणी, तीन बाण. तो संबंध आहे, फलन नाही.”

मुली हसत आणि हसता हसता पक्क्या समजत. मधल्या सुट्टीत ‘अ’च्या मुलीही तिकडे जाऊन बसू लागल्या, तेव्हा प्रमोदिनीबाईंना ते खपेना. “पोरखेळ आहे सगळा,” असे त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणत. मनात मात्र एकच गोष्ट सलत होती: हे आपल्याला का सुचले नाही?

सहामाहीचे दोन्ही तुकड्यांचे पेपर वरिष्ठ म्हणून त्यांनीच तपासले. ‘फलन म्हणजे काय, उदाहरणासह लिहा’ या प्रश्नाला पाच गुण होते. ‘ब’च्या मुलींनी जन्मगावे लिहिली. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी प्रत्येकीला दोन गुण दिले. ‘अ’मधल्या लाडक्या रमानेही तेच लिहिले होते. तिला ‘शाबास, स्वतः विचार केलास’ असा शेरा आणि पाच गुण. ती हे कुठे शिकली, हे बाईंनी स्वतःला विचारलेच नाही.

‘ब’मधल्या शालूला पन्नासांत तेहतीस मिळाले. तिचे वडील देवराव कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते आणि तिला सायन्सला जायचे होते. पण सहामाहीत पस्तीस असतील तरच दहावीला वरचे गणित मिळे.

‘अ’चे पेपर आधीच वाटून झाले होते; ‘ब’चे परत द्यायला प्रमोदिनीबाई त्या तुकडीत गेल्या. पेपर वाटून झाल्यावर, आता पाहू यांना किती येते, म्हणून त्यांनी विचारले, “फलन नसलेल्या संबंधाचे उदाहरण कोण देईल? गावे आणि मैत्रिणी सोडून.”

शालू उठून फळ्याशी गेली. डावीकडच्या गोलात तिने लिहिले ‘उत्तर’. उजवीकडे ‘पाच’ आणि ‘दोन’. त्या एकाच उत्तरापासून तिने दोन बाण काढले.

“बाई, रमानं अन् मी एकच उत्तर लिहिलं. तिले पाच भेटले, मले दोन. मंग हे फलन नाही ना?”

बाई लालबुंद झाल्या. शालूच्या हातातला पेपर घेऊन, वाटेत रमाचाही मागून घेऊन, त्या तरातरा शिक्षकांच्या खोलीत पंचफुलाबाईंसमोर आल्या.

“पोरींना माझ्याविरुद्ध शिकवता?”

पंचफुलाबाईंनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले. “मी काही शिकवलं नाही, बाई. पण तिनं उदाहरण बरोबर दिलं.”

“म्हणजे मी तुमची जात पाहून पोरींचे गुण कापले?”

“ते तुमचं तुमाले ठाऊक. माझं ऐका. गावच्या शाळेत मले गणितात कधी चाळीसच्या वर भेटले नाहीत. मॅट्रिकले पंच्याऐंशी भेटले. एका वर्षात हुशारी वाढली काय? बोर्डाच्या पेपरवर नाव नव्हतं, नंबर होता. मी कोणाची पोरगी, हे तपासणाऱ्याले माहीतच नव्हतं. उत्तर पाहावं बाई, लिहिणारीले कायले पाहावं?”

‘मी जात पाहिली नाही,’ हे शब्द प्रमोदिनीबाईंच्या ओठांवर आले आणि तिथेच अडले. हीच युक्ती एखाद्या आपल्यातल्या बाईला सुचली असती, तर तिला आपण कौतुकाने घरी जेवायला बोलावले असते!

त्या खाली बसल्या. “मी तुमच्यावर जळत होते,” त्या हळूच म्हणाल्या.

“माझ्यावर जळा, मले चालते. पोरींच्या पेपरवर नको.”

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाईंनी ‘ब’चे सगळे पेपर पुन्हा तपासले आणि भर वर्गात सांगितले, “चूक माझी होती.” शालूचे छत्तीस झाले. वार्षिक परीक्षेपासून पेपरवर नावाऐवजी नंबर घालायची पद्धत त्यांनीच मुख्याध्यापिकांकडून मंजूर करून घेतली.

त्यांचा मत्सर त्या दिवशी संपला, असे मी सांगणार नाही. तो इतका गरीब प्राणी नाही. पुढेही ‘ब’मधला हशा ऐकला की त्या आपल्या वर्गाचे दार लावून घेत. पण बंधुभगिनींनो, मनात काय येते हे आपल्या हाती नसले, तरी हातून काय घडते हे असते. मास्तर असो, कारकून असो की साहेब, ज्याच्या हाती दुसऱ्याचे माप आहे त्याने सारख्याला सारखेच द्यावे. कारण आपला राग असतो मोठ्यांवर, आणि तो भोगतात लेकरे.