सम्यकचा पहिला किल्ला

सम्यकला किल्ले पाठ आहेत. कुठल्या किल्ल्याला किती दरवाजे, पाण्याचं टाकं कुठे, चोरवाट कुठून उतरते, काहीही विचारा. फक्त त्यातला एकही तो चढलेला नाही. त्याचा डावा पाय जन्मापासून अधू आहे आणि काखेत कुबडी असते. कॉलेजपासूनच्या आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये तो पहिल्या दिवसापासून आहे. गाडी ठरवणार तो, वाट समजावणार तो, आणि आम्ही वर निघालो की पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओट्यावर बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळणार तोच. रायगडाला रोपवेने चल म्हणून मी एकदा त्याच्या मागे लागलो होतो. म्हणाला, "सिद्ध्या, त्याला किल्ला बघणं म्हणतात. मला चढायचाय."

म्हणून त्याने खाडीतला किल्ला शोधला. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाताना तिवरांच्या आड एक बेट आहे. त्यावर पडका बुरूज, थोडी तटबंदी आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. माणूस तिकडे फिरकत नाही. भरतीला पाणी थेट पायऱ्यांना लागतं, म्हणजे होडीतून उतरलं की पाऊल किल्ल्यावरच. सम्यक मानपाड्याला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मालकाला विचारून त्याने सुट्टीच्या दिवशी उरलेल्या फायबरच्या दोन कयाक, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, बनवल्या. एक बुडाली, दुसरी जागच्या जागी गोल फिरायला लागली. त्याने दोन्ही पुन्हा पहिल्यापासून बनवल्या. मला या माणसाच्या चिकाटीचा कधीकधी रागच येतो, कारण आमच्या घरातला नळ दिवाळीपासून गळतोय आणि मी त्याला हात लावलेला नाही.

भरतीची वेळ काढायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. मोबाइलवर मुंबईची वेळ मिळते. खाडीत आत, डोंबिवलीपर्यंत पाणी चढायला त्याहून बराच उशीर होतो, हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचा तोराही होता. डोंबिवलीला पाणी पूर्ण चढेल ती वेळ मी काढली आणि हुकूम सोडला, तेव्हाच निघायचं.

थंडीची सकाळ होती. डोंबिवलीच्या रेतीबंदरावर त्याने कुबडी होडीवर आडवी बांधली, दोन्ही हातांवर अंग उचलून आत बसला आणि वल्हं मारलं. जमिनीवर मी नेहमी त्याच्यासाठी थांबतो. पाण्यात तो माझ्यासाठी थांबत होता. त्याचे खांदे आयुष्यभर कुबडीवर तयार झालेले. माझे खांदे ऑफिसच्या खुर्चीत. एका वळणावर उघड्या चिखलात एक बाई फळीवर गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने रेटा देत भराभर सरकत होती आणि बिळांमधले निवटे मासे पकडून डब्यात टाकत होती. सम्यक वल्हं थांबवून तिच्याकडे बघत राहिला. मी तेवढ्यात दम खाऊन घेतला.

तिवरं संपली आणि बेट दिसलं. बुरूज दिसला, पायऱ्या दिसल्या. पायऱ्या आणि आमच्यामध्ये काळा, चकचकीत चिखल पसरला होता. पाणी केव्हाच उतरलं होतं आणि अजून उतरतच होतं.

"तू वेळ कुठली काढलेली?" सम्यकने शांतपणे विचारलं.

"डोंबिवलीची."

"अरे, पण किल्ला ठाण्याच्या अंगाला आहे ना. इथे भरती आपल्याकडच्या आधी येते नि आधी जाते."

तो बरोबर बोलत होता. डोंबिवलीकराला सगळी खाडी डोंबिवलीचीच वाटते. पाणी पुन्हा पायऱ्यांना लागेपर्यंत अंधार पडला असता. मला इतकं वाईट वाटलं की मी सुचेल ते बोललो. "परत कधीतरी येऊ रे."

"परत कधीतरी," तो म्हणाला. "हे मी प्रत्येक पायथ्याला ऐकलंय."

"मग पाठीवर बस माझ्या. मी नेतो."

"नको. तसा गेलो तर किल्ला तू चढलास."

तरी चिखलातून वाट सापडते का बघायला मी खाली उतरलो. पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी. दोन धडधाकट पाय असलेला मी तिथे खांबासारखा रुतलो. होडीला मिठी मारून, पोटावर घसटत कसाबसा परत वर आलो. एक बूट तिथेच राहिला.

सम्यक हसला नाही. तो चिखलाकडे बघत होता. मग त्याने आपली बॅग माझ्या होडीत टाकली. "वजन कमी करतो," म्हणाला. कयाकवर पालथा पडला, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले आणि रेटा दिला. होडी हातभर सरकली. पुन्हा रेटा, पुन्हा हातभर. अर्ध्यावर तो थांबला, मान खाली घातली, आणि मला वाटलं संपलं. पाठ धपापताना दिसत होती. मग हात पुन्हा आत गेले. इतक्या वर्षांत आम्ही कित्येक किल्ले चढलो, पण असं चढताना मी कुणालाच पाहिलं नाही.

होडी पायरीला लागली. तो किल्ल्याकडे पाठ करून पायरीवर बसला आणि हातांवर एकेक पायरी वर सरकत गेला. कुबडी त्याने दातांत धरलेल्या दोरीने ओढून नेली. शेवटच्या पायरीवर ती काखेत घेतली आणि उभा राहिला. मग दगडांमधून वाट काढत तटावर गेला. नखशिखांत काळा. मागे बुरूज.

मला जमलं असतं, त्याच्यासारखं पालथं पडून. मी गेलो नाही. हा किल्ला त्याचा होता, त्यावर दुसरं माणूस नको होतं.

बराच वेळ तो बुरुजाला हात लावून उभा होता. मग वळला आणि खाली माझ्याकडे बघून हाक मारली.

"सिद्ध्या, बॅगा सांभाळ रे."

मी दोन्ही बॅगा मांडीवर घेतल्या आणि तो खाली येईपर्यंत सांभाळल्या.