साहेबाचं वजन

आमच्या कुत्र्याचं नाव आईने साहेब ठेवलं आणि तो त्या नावाला पुरेपूर जागला. भातात गाजर घातलं तर बाकीचं खाऊन गाजराचे तुकडे तेवढे वाडग्याबाहेर काढून ठेवणार. काल चाटूनपुसून खाल्लेल्या अंड्याकडे आज बघणारसुद्धा नाही. आई होती तोवर हे नखरे कौतुकाचे होते. चार महिन्यांपूर्वी ती गेली आणि त्याने जेवण जवळजवळ टाकलंच.

त्यात मागच्या पायाला गाठ आली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला रोखठोक.

"गाठ काढायलाच हवी. पण साडेअकरा किलोच्या या सापळ्याला मी भूल देणार नाही. चौदा करून आणा. दोन महिने थांबता येईल, त्याहून जास्त नाही."

आई गेल्यापासून बाबा माझ्याशीही कामापुरतंच बोलायचे. सकाळी बाल्कनीत बसून जे काही बोलायचं ते साहेबाशी. हाही गेला तर बाबा खचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. कोमट द्या, वर चिकनचं पाणी घाला. वीस मिनिटांनी वाडगा उचला. आणि खाताना त्याच्याकडे बघू नका, बघितलं की तो बिचकतो. दवाखान्यात आला की भीतीने दोन दिवस खायचा नाही, म्हणून वजनही घरीच करायचं. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान घराच्याच खाली आहे. दिवसातून चार वेळा मशीन बंद करायचं, दोन जिने चढायचे, भात-अंडं कालवायचं, साहेबाकडे पाठ करून जमिनीवर बसायचं. वीस मिनिटं भिंत बघत बसायचं. मागून चाटण्याचा आवाज आला तर आला. नाहीतर घास बोटावर घेऊन आर्जवं करायची. मग खाली यायचं, तर तोवर गिऱ्हाईक तोंड पाडून उभं. माझं जेवण म्हणजे मोरीपाशी उभ्याने खाल्लेला पावाचा तुकडा. कधी तोही राहून जायचा.

पहिल्या रविवारी माझं वजन भरलं अठ्ठावन्न. दोघांचं मिळून साडेएकोणसत्तर. दुसऱ्या रविवारी साडेएकोणसत्तर. चौथ्या रविवारीही तेच.

"किती?" बाबा दारातून विचारायचे.

"तेवढंच."

मग ते बाल्कनीत निघून जायचे. साहेबाच्या अंगावर केस इतके, की बरगड्या भरल्या की नाही ते कळायला मार्ग नाही. शिवाय रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

सहाव्या आठवड्यात माझा संयम सुटला. वाडगा आपटून मी ओरडले, "खा नाहीतर मर एकदाचा." साहेब कपाटामागे जाऊन बसला. बाबा दारात उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नंतर."

त्याच आठवड्यात माझी पँट कमरेवरून घसरायला लागली. इलॅस्टिक गेलं असेल म्हणून गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर तिलाही चार टाके घातले आणि विसरून गेले.

दोन महिने संपले. शेवटच्या रविवारीही साडेएकोणसत्तरच. बाबांना घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा काय ऐकावं लागणार याची मनाची तयारी केली होती. बाईंनी साहेबाला काट्यावर ठेवलं.

"चौदा किलो शंभर ग्रॅम. शाब्बास."

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "ताई, तुम्ही उभ्या राहा बघू."

मी उभी राहिले. पंचावन्नला थोडं जास्त.

"घरी स्वतःचं वजन कधी केलं होतं?"

"पहिल्या दिवशी. एकदाच."

गिऱ्हाईक महिन्याने परत आलं तरी मी नव्याने टेप लावते. जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, ही माझ्या दुकानातली शिस्त. आणि इथे आठ आठवडे मी स्वतःचं जुनं माप धरून बसले होते. साहेब भरत गेला तशी मी उतरत गेले आणि काटा ढिम्म राहिला.

गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली. घरी आल्यावर मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. बाबा स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात त्यांनी कधी चहाही केला नव्हता. बऱ्याच वेळाने ताट घेऊन आले. कोमट भात, कुस्करलेलं अंडं, गाजर, वरून चिकनचं पाणी. दोन महिने बघून बघून त्यांना एवढंच करता येत होतं.

ताट माझ्यापुढे ठेवून ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"बाबा, इकडे बघा ना."

"बाईंनी सांगितलंय, बघायचं नाही," ते म्हणाले. "वीस मिनिटं आहेत."

मी पहिला घास घेतला. आई गेली तेव्हाही आलं नव्हतं इतकं रडू आलं. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. मी डोळे पुसले आणि गाजरासकट सगळं खाल्लं.